तिसऱ्याच्या दावणीचा मेंढा

मादन हिप्परगा
२० जून २०२२

रामरावास इरप्पाचा जयभीम.

खुशाली नंतर विचारतो. आधी पोटातलं ओकू दे, न्हाईतर जेवण जाणार न्हाई. फोन कर म्हणशील, तर ह्या कानात आता फोन म्हणजे नुसती गोमाशी. आणि राग आला की माझे शब्द एकमेकांच्या अंगावर पडत्यात. कागदावर निदान एका मागं एक चालत्यात, वाड्याच्या दारातून मेंढरं निघावी तसे.

माझी नात प्रतीक्षा तुला ठाऊक हाय. आता सातवीत. जन्मापासून तिला कमी ऐकू येतंय. कानामागं मशीन हाय, पण खरं ती ऐकती डोळ्यानं. समोरच्याच्या ओठाकडं बघितलं की सगळं बोलणं उचलती. गल्लीतल्या बायका भांडताना तिच्याकडं पाठ करत्यात, इतकी तिची धास्ती. मी पत्र लिहिताना ओठ हलवतो, तर आत्ताही समोर बसून गालात हसायलीय.

ती जाती उद्धवरावाच्या संस्थेच्या शाळेत. तिथं अजून मास्कचा नियम हाय. सगळ्यांनी दिवसभर नाकापासून हनुवटीपर्यंत झाकून बसायचं, बाईंनीबी. बाहेर बाजार भरायलाय, लग्नं व्हायलीत, जत्रेत माणसाला माणूस घासायलंय, आणि शाळेत मात्र मुसकं. बैलाला मुसकं बांधत्यात ते रास खाऊ नये म्हणून. पोरांनी काय खाल्लं ह्यांचं?

तिच्या वर्गाच्या पंचशीलाबाई चांगल्या. प्रतीक्षाच्या बाकासमोर उभ्या राहून मास्क जरा खाली घ्यायच्या. उद्धवरावानं त्यांना वर्गात येऊन, पोरांदेखत दम दिला. त्या दिवसापासून त्यांचं तोंड बंद, म्हणजे माझ्या पोरीचे कान बंद. वर आणखी एक. मास्कचा दोरा कानामागं अडकवला की मशीन निघून पडतंय. एकदा हात धुताना मोरीत पडलं. म्हणून तिनं मास्क काढून खिशात घातला. तर तिला व्हरांड्यात बसवलं! पुढच्या दिवशीबी व्हरांडा, त्याच्या पुढंबी. पायताणं असत्यात तिथं.

मी गेलो. काठी फाटकाबाहेर ठेवली, कारण आत नेली असती तर वापरली असती. म्हटलं, "उद्धवराव, बाईचं तोंड झाकलं म्हंजी माझ्या पोरीचं कान झाकलं."

म्हणतोय, "इरप्पा, एकीसाठी नियम मोडला तर उद्या वर्गातली सगळी उभी ऱ्हातील."

"त्या सगळ्यांना कान हायत की!"

"मंग दाखला घेऊन जा. कलबुर्गीला बहिऱ्याची शाळा हाय."

हे त्यानं पोरीसमोर म्हटलं. तोंडावर मास्क होता म्हणून तिला कळलं न्हाई. मास्कचा तेवढा एक उपकार झाला.

तू सगळी नोकरी कोर्टात काढलीस. एकच सांग, बुधवारच्या बाजारात त्याला चारचौघांत बदडू का नको?

तुझा
इरप्पा

---

नौबाद, बीदर
२६ जून २०२२

प्रिय इरप्पा,
बिरोबाच्या नावानं चांगभलं.

बदडू नकोस. बाजारात तर मुळीच नको. आत्ता खटला त्याच्यावर व्हायला हवा, तू मारलंस की तो तुझ्यावर होईल.

तुझं पत्र वाचून मलाही चीड आली. व्हरांड्यात बसण्याचा अर्थ मला कुणी सांगायला नको. मी पहिली दोन वर्षं शाळा तिथूनच शिकलो. म्हणून ह्या बाबतीत तुझ्यापेक्षा माझा राग जुना आहे. पण मी कोर्टात कारकून होतो. रागाला तारीख लावायची सवय झाली आहे.

आता नीट वाच. तू दावा लावलास तर निकालाला वर्षं जातील. तोवर प्रतीक्षाचं लग्नाचं वय होईल. म्हणून कायद्यात एक मधली सोय आहे. निकाल लागेपर्यंत अमुक एक गोष्ट करू नका, असा तात्पुरता मनाई हुकूम कोर्ट देतं. लोक त्याला स्टे म्हणतात आणि जिंकलो म्हणून पेढे वाटतात. ते जिंकणं नाही. कोण खरं कोण खोटं हे कोर्ट तेव्हा ठरवतच नाही. फक्त तीन गोष्टी बघतं. तुझ्या म्हणण्यात वरवर तरी दम आहे का? हुकूम दिला नाही तर तुझं जास्त बिघडेल, की दिला तर समोरच्याचं जास्त बिघडेल? आणि जे बिघडेल ते नंतर पैशानं भरून निघणारं आहे का? पोरीचं वर्ष कुठल्या पैशानं भरून निघतं, ते मला कुणी सांगावं.

पण मागणं लहान ठेव. मास्कचा नियमच काढा म्हणशील तर आपटशील. मुलांच्या तब्येतीचं नाव निघालं की कुठलंही कोर्ट शंभरदा विचार करतं, आणि करावाच. दुसरं असं की 'हे करू नका' म्हणायला कोर्ट चटकन तयार होतं, 'हे करा' म्हणायला मान खाजवतं. म्हणून मागायचं ते असं: शाळेनं प्रतीक्षाला वर्गाबाहेर ठेवू नये, आणि तिला शिकवताना बाईंनी तोंड दाखवलं तर त्यांना अडवू नये. बस्स.

माझी भाची ज्योत्स्ना आळंदला वकिली करते. तिच्याकडे जा. घाई दिसली तर समोरच्याला न बोलावताही कोर्ट असा हुकूम देतं. मात्र तो उसन्या बैलासारखा असतो. राबवून घेता येतो, पण त्याचे नियम पाळावे लागतात. ज्योत्स्ना सांगेल ते शब्दाला शब्द कर. तुझं डोकं मध्ये घालू नकोस.

एक लक्षात असू दे. उद्धवरावाचा मुलगा योगीराज करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला. तो त्याच शाळेत शिकवायचा. एवढा हट्ट उगाच येत नाही.

तुझा
रामराव

---

मादन हिप्परगा
९ जुलै २०२२

रामरावास जयभीम, आणि तोंड गोड कर!

हुकूम मिळाला. पेढे वाटू नको म्हणालास, म्हणून जिलेबी वाटली.

ज्योत्स्नाबाई म्हणजे वीज हाय. जज्जसाहेबांपुढं उभी राहिली आणि सरळ म्हणाली, "साहेब, ही मुलगी आज ह्या क्षणाला व्हरांड्यात बसलेली आहे." बास. तू सांगितलं तेवढंच मागितलं. साहेबांनी कागद चाळले, डॉक्टरचा दाखला बघितला, दोन-तीन प्रश्न विचारले. पुढल्या तारखेपर्यंत पोरीला बाहेर ठेवायचं न्हाई आणि बाईंना अडवायचं न्हाई. कोर्टाचा बेलीफ शाळेत हुकूम देऊन आला. उद्धवरावाचं तोंड मास्कमागंबी दिसायलं होतं म्हणे, आंबलेल्या ताकागत.

पोरगी वर्गात गेली. बाईंनी मास्क उतरवला, तर बघत बसली. घरी येऊन म्हणती, "आजोबा, बाई हसल्या की एक दात पुढं आलेला दिसतोय, मला ठाऊकच न्हवतं." सातवीची निम्मी पोरं तिला बघून हसली. हसू देत.

योगीराजचं लिहिलंस. पोरगा गेला त्याचं मलाबी वाईट वाटलं, त्याच्या मातीला मी गेलो होतो, चौघंच होतो. पण मेलेल्याच्या नावानं जित्या पोरीला पायताणात बसवायचं, हा कुठला शोक? माझा राग जराबी उतरला न्हाई. उलट हुकूम हातात आल्यापास्नं रागाला शिंगं फुटलीत.

आणि ऐक, तुझा तात्पुरता हुकूम मला पक्का कळला. ही तर आमच्या धनगराची जुनी रीत! मेंढा दोन कळपांच्या मध्ये सापडला, कानाची खूण दोघंबी आपली म्हणायले, तर पंच बसेपर्यंत मेंढा तिसऱ्याच्या दावणीला. कुणी कातरायचा न्हाई, कुणी विकायचा न्हाई. कुणाचा ते नंतर. तेच हे! प्रतीक्षा आता तिसऱ्याच्या दावणीला हाय, तिला उद्धवरावाचा बाप हात लावू शकत न्हाई.

तुझ्या भाचीला मात्र ही रीत ठाऊक न्हाई. तिनं माझ्या हातात कागदाचं हे एवढं बोचकं दिलं. दावा, अर्ज, प्रतिज्ञापत्र, सगळ्याच्या नकला. म्हणाली, "काका, मला कलबुर्गीला जायचंय. हे आजच्या आज उद्धवरावांना रजिस्टर पोस्टानं पाठवा आणि पावती उद्या सकाळी मला द्या. विसरू नका." मी मान हलवली. पण तूच सांग, मेंढा दावणीला असताना समोरच्याच्या दारात काही पाठवत्यात का? चुलीला इस्तू न्हाई, मीठ न्हाई, निरोप न्हाई. ज्यानं आधी पाठवलं तो वाकला, हे शेंबडं पोरबी सांगंल. मी त्याला कागद धाडले तर गाव म्हणंल, इरप्पा हुकूम मिळवूनबी गयावया करायलाय.

बोचकं बिरोबापुढं ठेवलंय. भंडारा लावलाय. देवाला सगळं कळतंय, उद्धवरावाला कळायची काय गरज?

तुझा
इरप्पा

---

नौबाद
१३ जुलै २०२२

इरप्पा,

तुझं पत्र आत्ता मिळालं. हातातली भाकर तशीच ठेवून लिहितो आहे.

ते बोचकं देवापुढून उचल. आत्ताच्या आत्ता.

ज्योत्स्नाला फोन लावला. ती म्हणाली, "मामा, मी रोज निरोप धाडून विचारते, इरप्पाकाका म्हणतात पावती घरी राहिली, उद्या आणतो." पावती घरी राहिली! अरे, ती तुझ्यावर विश्वास ठेवून बसली होती.

उसन्या बैलाचा नियम म्हणालो होतो तो हाच. समोरच्याला न ऐकता हुकूम मिळाला, की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, सगळे कागद त्याला पाठवायचे आणि पाठवले असं शपथेवर कोर्टाला सांगायचं. ते पाठवणं म्हणजे शिष्टाचार नाही. त्याच्यावरच तो हुकूम उभा आहे. एक पाय काढून घेतलास तर बाज आडवी होणार.

ज्योत्स्ना तिचा माणूस तुझ्याकडे पाठवते आहे. त्याच्या हाती बोचकं दे. उशीर झालाय, तरी आपणहून सांगितलं तर कोर्ट कदाचित समजून घेईल. त्यानं विचारण्याआधी आपण सांगायचं.

रामराव

---

मादन हिप्परगा
२४ जुलै २०२२

रामराव,

तुझं पत्र पोचायच्या आधी सगळं संपलं होतं.

ज्योत्स्नाबाईचा माणूस आला होता, मोटारसायकलवर, मंजुनाथ नावाचा. बोचकं द्या म्हणाला. मी दिलं न्हाई. व्हय, दिलं न्हाई! तुझं पत्र हातात नव्हतं. मला वाटलं, बाई घाबरली, समोरच्या वकिलानं डोळे वटारले असतील. म्हटलं, "देवापुढची वस्तू हाय, पंच बसल्याबिगर हलत न्हाई." तो पोरगा डोक्याला हात लावून गेला.

दुसऱ्या दिवशी कोर्ट. उद्धवरावाचा वकील उठला आणि लोण्यागत बोलला. "साहेब, आम्हाला हुकूम मिळाला, आम्ही पाळला. पण हुकूम कशावरून दिला, आमच्याविरुद्ध काय म्हटलंय, ते आम्हाला आजपर्यंत कुणी कळवलेलं न्हाई. उत्तर कशाचं द्यायचं?" साहेबांनी ज्योत्स्नाबाईकडं बघितलं. "पावती?" ती खोटं बोलली न्हाई. मान खाली घालून उभी राहिली. ती मान माझ्यामुळं खाली गेली, आणि मी मागच्या बाकावर टोपी कुस्करत बसलो.

हुकूम उठवला. पोरगी चुकली असं साहेब म्हणाले न्हाईत. शाळा बरोबर असंबी म्हणाले न्हाईत. फक्त कागद न्हाई, म्हणून उठवला.

त्याच दुपारी तिला परत व्हरांड्यात आणून बसवलं.

संध्याकाळी मी आणायला गेलो. उद्धवराव ऑफिसच्या पायरीवर मास्क उतरवून चहा पीत होता. आपल्या शिपायाला काहीतरी म्हणाला. लांब होता, मला ऐकू आलं न्हाई. वाटेत पोरीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही काय घालवलं?"

"कामून गं?"

"ते म्हणले, म्हाताऱ्यानंच घालवलं."

रामराव, मी सत्तरी पार केली. उन्हात, पावसात, लांडग्यापुढं उभा राहिलो. पण त्या वाटेवर पोरीला माझे ओठ दिसू नयेत म्हणून मी पुढं पुढं चाललो.

आता तुला विचारतो. कसला हा तुझा कायदा? पोरीचे कान, तिचं वर्ष, तिचं व्हरांड्यातलं बसणं, सगळं एका पोस्टाच्या पावतीपेक्षा हलकं? कोर्टात तिच्या बाजूनं सगळं होतं, आणि एक चिठोरं नव्हतं, म्हणून सगळं गेलं? आमची रीत बरी होती. तिथं मेंढ्याला कागद लागत नव्हता. माणसाच्या शब्दावर मेंढा दावणीला राहायचा आणि कुणी हात लावत नव्हतं. तुमच्या कोर्टात माणसापेक्षा शिक्क्याला मान. तू मला ह्या रस्त्याला लावलंस. त्यापरीस बाजारात बदडला असता तर निदान हाताला बरं वाटलं असतं.

इरप्पा

---

नौबाद
३१ जुलै २०२२

इरप्पा,

तुझं पत्र वाचलं आणि ठेवून दिलं. पुन्हा काढून वाचलं. पहिल्यांदा वाटलं, जाऊ दे, त्याची नात व्हरांड्यात आहे, बोलू दे त्याला. पण तू त्या मेंढ्याचं नाव काढलंस. दोनदा काढलंस. आता माझंही ऐक.

तिसऱ्याची दावण, तिसऱ्याची दावण म्हणतोस. ती कुणाची होती, ते एकदा तरी लिहिलंस का? माझ्या बापाची होती. तुमच्या दोन घरांपैकी कुणाच्याच भावकीत नाही, कुणाच्याच पंगतीत नाही, म्हणून मेंढा आमच्या वस्तीत आणून बांधायचा. त्याला चारा कोण घालत होतं? माझी आई बांधावरून गवत कापून आणायची, आमच्या शेळीच्या तोंडचं. कुणी कधी विचारलं नाही. पंच बसायचे, निकाल लागायचा, मग तो मेंढा कापून दोन्ही घरं एका पंगतीला जेवायची, भांडण मिटलं म्हणून. आमच्या दावणीला काय उरायचं? दोरी.

आणि एका वर्षी मेंढा वाळला. आजारी होता, माझ्या बापानं तुमच्या लोकांना येऊन सांगितलंही होतं. पंच पारावर बसले आणि ठरवलं, की ह्यानं मेंढ्याला उपाशी ठेवला, ह्याला वर्षभर गावकीच्या विहिरीवर कुणी पाणी वाढायचं नाही. त्याला बोलावलं नाही. त्याच्याविरुद्ध काय म्हटलंय ते त्याला सांगितलं नाही. निकाल त्याला कळला तो दवंडीनं, अख्ख्या गावाबरोबर. तो दारात भाकर खात होता. दवंडीवाला आमच्या दारापुढं थोडा जास्तच थांबला.

त्या पारावर तुझा बाप होता.

मी कोर्टात नोकरी धरली त्या पहिल्या महिन्यात हा नियम वाचला. समोरच्याला न ऐकता हुकूम दिलात तर तडक त्याला सगळं कळवा, काय म्हटलं, कशावरून म्हटलं, सगळं. मी तो नियम परत परत वाचला. तुला ते चिठोरं दिसतं. मला त्यात माझ्या बापाचं न झालेलं बोलणं दिसतं. अख्ख्या नोकरीत मी एकाही माणसाची पावती न बघता कागद पुढे सरकू दिला नाही. लोक मला खडूस म्हणायचे. म्हणू देत.

उद्धवराव माझा कोणी नाही. त्याचं वागणं मला तुझ्याइतकंच डाचतं. पण त्याला न सांगता त्याच्याविरुद्ध हुकूम राबवायचा, ही गोष्ट प्रतीक्षासाठीही मी बरी म्हणणार नाही. कागद पाठवणारा वाकत नाही, इरप्पा. न पाठवणारा पारावर जाऊन बसतो. त्याच पारावर.

तुझी शब्दावर चालणारी रीत चांगली होती म्हणतोस. होती. पारावर बसणाऱ्यांसाठी.

आता कामाचं. दार बंद झालेलं नाही. हुकूम उठला, दावा मेला नाही. ज्योत्स्ना नवा अर्ज करेल, ह्या वेळी समोरच्याला आधी कळवून. दोघांचं ऐकून जो हुकूम मिळेल तो तात्पुरताच असेल, पण स्वतःच्या पायावर उभा असेल. तिची माफी माग. वकिलाची मान खाली जाणं म्हणजे काय, ते मी जन्मभर समोरून पाहिलं आहे.

रामराव

---

मादन हिप्परगा
२८ ऑगस्ट २०२२

रामरावास इरप्पाचा जयभीम.

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. आज कामाचं तेवढं लिहितो.

ज्योत्स्नाबाईची माफी मागितली. म्हणाली, "काका, माफी नको, ह्या वेळी पावती द्या." मंजुनाथ माझ्यासोबत पोस्टात आला, शिक्का पडेपर्यंत माझ्या कोपराला धरून उभा. पळणाऱ्या बोकडाला धरावं तसं.

पण पोस्टाला दिल्यावरबी मन मानंना. म्हणून नकलांचं ते पहिलं बोचकं, भंडारा लागलेलं, घेऊन मीच उद्धवरावाच्या दारात गेलो. अख्ख्या गल्लीनं बघितलं. शेजारची यल्लम्मा शेण टाकायचं सोडून उभी राहिली. तो बाहेर आला.

"काय आणलंस? काठी न्हाई दिसत."

"तुझ्याविरुद्ध जे म्हणलोय ते आणलंय. वाच."

"ह्याला हळद कामून?"

"देवापुढं व्हतं. जिथं जायचं तिथं गेलं न्हाई, म्हणून एवढं झालं."

तो हसला न्हाई. त्याच्या बायकोनं, इंदिराबाईनं, पाणी आणलं. मी प्यालो. मग निघालो. आमच्यात दुसरं बोलणं झालं न्हाई, आणि गोडी झाली असं तू समजू नकोस.

कायद्याप्रमाणं त्याचंबी लेखी म्हणणं आमच्याकडं आलं. ज्योत्स्नाबाईनं वाचून दाखवलं, मग मी घरी आणून एकेक अक्षर लावून परत वाचलं. त्यात खोटं बरंच हाय. पोरगी दंगा करती म्हणे! सुरी घेऊन त्या कागदाचे तुकडे करावेसे वाटले. पण एके ठिकाणी लिहिलंय, 'माझा मुलगा योगीराज ह्याच वर्गात मास्क हनुवटीवर ओढून शिकवत असे, मुलांना नीट कळावं म्हणून.' मी ह्याच गावात राहतो, त्याच्या मातीला गेलो, आणि हे मला ठाऊक नव्हतं. त्यानं कधी सांगितलं न्हाई. मी कधी विचारलं न्हाई. कोर्टानं कागदाला कागद द्यायला लावला म्हणून कळलं.

राग गेला का? न्हाई गेला. पोराच्या दुःखात माणूस वेडा होतोय हे कळलं, तरी ते वेड दुसऱ्याच्या लेकरावर काढायचं न्हाई, एवढं मी त्याला मरेपर्यंत म्हणणार.

कोर्टात दोन्ही वकील बोलले, साहेबांनी दोघांना पाणी पाजलं. त्याच्या वकिलाला म्हणाले, "एका मुलीला वर्गात बसू दिल्यानं शाळेचं काय बिघडतं ते सांगा." आमच्या बाईला म्हणाले, "बाईंनी तोंड उघडं ठेवलं तर बाकीच्या मुलांची जबाबदारी कोण घेतं ते सांगा." शेवटी हुकूम झाला तो असा. नियम सगळ्यांना राहील. पण प्रतीक्षाला व्हरांड्यात, कुठंच बाहेर, बसवायचं न्हाई. तिच्या मास्कला कानाच्या दोऱ्याऐवजी डोक्यामागं बांधायचे बंद लावायचे, मशीन पडू नये म्हणून. आणि बाईंनी तिच्यापुढं पारदर्शक मास्क घातला तर शाळेनं अडवायचं न्हाई. दाव्याचा निकाल लागेपर्यंत. पुढली तारीख दसऱ्यानंतर. मी जाणार, ताप असला तरी.

पंचशीलाबाईंनी वहीच्या प्लॅस्टिकच्या कव्हराची खिडकी कापून मास्कला शिवली. पहिल्या दिवशी वाफच धरली. बाई धुक्यात बोलायल्या. मग त्यांनी आतून साबण फिरवला. आता दिसतंय. पोरगी म्हणती, "दात परत आला."

सगळे म्हणायलेत, इरप्पा, आता तरी शांत हो. कसा होऊ? पोरगी परत वर्गात गेली खरी, पण मधले सगळे दिवस ती पायताणात बसली होती. त्या दिवसांवर कुठलं कोर्ट स्टे देतंय? काही माझ्या पदरात घाल, काही उद्धवरावाच्या. मी माझे घेतलेत. त्यानं त्याचे अजून घेतले न्हाईत.

तू तुझ्या बापाचं लिहिलंस. वाचलं. त्यावर मी काही लिहीत न्हाई. धार काढायची वेळ झाली. पत्र पोरीकडं देतो, ती पोस्टात टाकंल.

तुझा
इरप्पा

ता. क.

रामराव आजोबांना प्रतीक्षाचा नमस्कार आणि जयभीम.

आजोबा म्हशीकडे गेलेत. त्यांना न विचारता खाली लिहीत आहे.

ते लिहिताना मी समोर बसले होते. तुमच्या बाबांचं आलं तिथं त्यांचा पेन थांबला, पण ओठ थांबले नाहीत. बराच वेळ हलत होते. ते असं म्हणाले: "पारावर माझा बाप होता आणि त्याच्या मांडीवर मी होतो. दवंडी ऐकून मी हसलो होतो. चारा तुझ्या आईनं घातला, मेंढा आम्ही खाल्ला. चुकलं रे, रामा. लई चुकलं." मग त्यांनी टोपी काढली, परत घातली, आणि धार काढायची वेळ झाली असं लिहिलं. म्हशीला अजून अवकाश आहे.

वकीलबाई म्हणाल्या होत्या, ज्याच्याबद्दल काही म्हटलं त्याला ते कळवायलाच पाहिजे. म्हणून कळवलं.

हे पत्र मी साध्या पोस्टानं नाही, रजिस्टरनं पाठवते. पावती माझ्याजवळ राहील.

प्रतीक्षा